न्यायमूर्ति डग्लस आणि अरण्यें

न्यायासनावर बसणाऱ्यानें कोणत्याहि वादांत आगाऊ पक्ष घेऊं नये, हा न्यायाचा पहिला धडा होय. पण ज्याला डोंगर, नदी व वृक्ष जिवलग वाटतात, त्यानें त्यांचा नाश होत असतां मौन धरावें काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांच्या आयुष्यांत हा प्रश्न वारंवार उभा राहिला.

त्यांचा जन्म १८९८ सालीं मिनेसोटा राज्यांत झाला. वडील प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. ते १९०४ सालीं निवर्तले आणि विधवा माता तीन लेकरांसह वॉशिंग्टन राज्यांतील याकिमा गांवीं राहिली. बालपणींच्या आजारानें या मुलाचे पाय दुबळे झाले होते. ते बळकट व्हावेत म्हणून तो टेकड्या चढूं लागला, आणि तेथेंच त्याला रानाचा लळा लागला. पुढें १९३९ सालीं ते न्यायमूर्ति झाले व १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यापूर्वीं इतकी दीर्घ सेवा कोणीहि केली नव्हती.

पोटोमॅक नदीकांठच्या जुन्या कालव्यालगत मोटाररस्ता करावा, या योजनेस १९५४ सालीं वॉशिंग्टनच्या एका प्रमुख दैनिकानें पाठिंबा दिला. डग्लस यांनीं संपादकांस आपणाबरोबर ती वाट पायीं चालण्याचें आव्हान दिलें. सुमारें १८५ मैलांची वाट नऊ जणांनींच पुरी केली. परंतु दैनिकाचें मत पालटलें, रस्ता झाला नाहीं, आणि १९७१ सालीं तेथें राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालें.

मिनरल किंग खोऱ्यांतील नियोजित क्रीडास्थानाविरुद्ध सिएरा क्लब या संस्थेनें दावा लावला होता. या संस्थेच्या संचालक मंडळावर डग्लस पूर्वीं होते. दाव्याच्या वेळीं नव्हते. १९७२ सालीं बहुमत संस्थेविरुद्ध गेलें. डग्लस यांनीं भिन्न मत दिलें कीं, नदीच्या वा वृक्षांच्या नांवानेंच दावा चालावा आणि त्यांना जाणणाऱ्यांनीं त्यांच्या वतीनें बोलावें. येथें न्यायाधीश बोलला कीं अरण्याचा मित्र, अशी शंका प्रतिपक्षास आली असल्यास तिला निराधार म्हणतां येणार नाहीं. तत्पूर्वीं १९७० सालीं त्यांचें बाहेरील उत्पन्न व लेखन यांवरून त्यांना पदच्युत करण्याचा यत्नहि झाला, पण तो फसला.

१९८० सालीं ते वारले. त्यांनीं आपलें प्रेम लपविलें नाहीं, हें आम्हांस आवडतें. तथापि उघडपणा म्हणजे निःपक्षपात नव्हे. विद्यार्थिमित्रांनो, सत्कार्याचा कैवार अवश्य घ्या. परंतु हातीं तराजू आल्यावर आपलें प्रेम कोणत्या पारड्यांत पडतें, हें आधीं स्वतःस विचारा.