खताच्या मागे जाणारा न्यायाधीश

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रार्थना समाज, सामाजिक परिषद आणि मराठी सत्तेच्या उत्कर्षावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ येतो. परीक्षेलाही तेवढेच विचारतात! पण जुन्नर-आंबेगावकडच्या माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलाला हे नाव वेगळ्या कारणाने जवळचे वाटते. ज्या कोर्टाच्या पायरीची आमच्या वाडवडिलांना धास्ती वाटे, त्याच कोर्टांची दप्तरे हा माणूस वर्षानुवर्षे तपासत होता.

जन्म १८ जानेवारी १८४२ चा, निफाडचा. बालपण कोल्हापुरात, उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये. १८६६ साली कायद्याची पदवी घेऊन १८७१ मध्ये ते पुण्यास दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. सार्वजनिक सभा आदल्याच वर्षी निघाली होती. सरकारी नोकरी सांभाळून ते तिचे बुद्धिदाते बनले.

त्या वेळी शेतकऱ्याच्या वाट्याला येणारा न्याय कसा होता, हे नीट समजून घेतले पाहिजे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोला वाचवण्याचा, घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करून घेई. कुळाला अक्षरओळख नाही, ते अंगठा उठवी. पुढे दावा लागला की न्यायाधीश फक्त खत पाही. खत खरे तर रक्कम खरी. भीमाशंकरच्या उतारावरचा कोळी किंवा घोडनदीकाठचा कुणबी पेरणी टाकून तारखेला जाणार कसा? मग एकतर्फी हुकूमनामा, जप्ती, नाहीतर दिवाणी तुरुंग. आमच्या घरी आजी कागदावर अंगठा द्यायला शेवटपर्यंत तयार नसे. त्याचे मूळ मला हे सारे वाचल्यावर उमगले.

१८७५ च्या मे महिन्यात सुप्याला भडका उडाला. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या करड्याला सावकारावर बहिष्कार त्याआधीच पडला होता. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते हिसकायची आणि जाळायची. सरकारने चौकशी कमिशन नेमले, आणि त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा जन्मला. तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जायला लावले. पहिले मुद्दल किती, व्याज कितीदा चढले, वसूल किती पोचला, हे सारे त्याने स्वतः तपासायचे. शेतकऱ्याला कर्जापायी कैद नाही. हप्ते बांधून द्यायचे. दाव्याआधी समेटाचा प्रयत्न करायचा. आणि अशा दाव्यांत अपील नसले, तरी विशेष न्यायाधीश खालच्या कोर्टांची दप्तरे मागवून चुकीचा निकाल आपण होऊन दुरुस्त करू शके. मला यातले हेच कलम सर्वांत मोलाचे वाटते, कारण अपिलाचा खर्च परवडणारा शेतकरी होता कोठे?

सरकारचा रानड्यांवर मात्र विश्वास नव्हता. त्यांची नाशिकला बदली झालीच होती. वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या वेळी, १८७९ मध्ये, त्यांना धुळ्याला धाडले. तरीही १८८१ मध्ये याच कायद्याखाली डॉ. पोलन यांचे सहायक म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले. गावोगावच्या कोर्टांची तपासणी, मुक्काम, पुन्हा प्रवास! या फिरतीत रमाबाई अनेकदा बरोबर असत. १८९३ साली न्यायमूर्ती तेलंगांच्या निधनानंतर ते हायकोर्टावर गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

हे सर्वांना पटले होते असे नाही. आपल्या जुन्नर तालुक्यात, विशेषतः ओतूरला, सत्यशोधकांचा जोर होता. जोतीराव फुल्यांच्या मते सभेतली शहरी विद्वान मंडळी शेतकऱ्याच्या वतीने बोलूच शकत नव्हती. कचेरीतला भट कामगार हीच त्याची खरी पीडा होती. मला फुल्यांचे म्हणणे डावलता येत नाही. कायदा कितीही चांगला असला तरी समन्स बजावणारा, जबानी उतरून घेणारा आणि निकाल देणारा बहुधा एकाच वर्गातला होता. मात्र त्या वर्गातल्याच एका न्यायाधीशाने आपल्या व्यवसायबंधूंचे निकाल तपासायला घेतले, हेही लहानसहान नाही.

सावकारांनीही पळवाट शोधली. गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि जमीन परत देण्याचा करार नुसता तोंडी ठेवू लागले. खरेदीखतापुढे तोंडी पुरावा चालेना, त्यामुळे कोर्टाचे हात बांधले गेले. अशा खरेदीखतामागचे गहाण उकरून पाहण्याची मुभा कोर्टाला मिळाली ती १९०७ च्या दुरुस्तीने, रानडे जाऊन सहा वर्षे झाल्यावर.