आबे फारिया

गोव्याच्या बारदेस तालुक्यात कांदोळी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे १७५६ च्या मे महिन्यात जुझे कुश्तोदिओ दि फारिया यांचा जन्म झाला. आबे हे फ्रान्स देशात धर्मगुरूंस लावण्यात येणारे उपपद होय. पुढे तेच त्यांच्या नावास कायमचे चिकटले. त्यांचे बालपण सुखाचे नव्हते. मातापित्यांचे पटेना, अखेरीस आई मठात गेली व वडील कायतान व्हितोरीन यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. १७७१ साली वडिलांनी पंधरा वर्षांच्या जुझेला घेऊन लिस्बनचा मार्ग धरला. शिडाच्या जहाजातून तेथे पोहोचण्यास कित्येक महिने लागत.

लिस्बनहून जुझेची रवानगी रोमला झाली. तेथे त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन पुरे केले आणि १७८० साली दीक्षा घेतली. ते पोर्तुगालला परतल्यानंतरची एक आख्यायिका गोमंतकात आजही सांगतात. राणी मारियासमोर प्रवचन करण्यास हा तरुण उभा राहिला आणि समोरचा दरबार पाहून त्याची वाचाच बसली. तेव्हा खाली बसलेले वडील कोंकणीत हळूच पुटपुटले, की ही सारी नुसती भाजी आहे, खुशाल कापून टाक. मायबोलीतले ते शब्द कानी पडताच मुलाची भीती पळाली व प्रवचन उत्तम वठले. केवळ शब्दाने मनात एवढा पालट कसा होतो, हा प्रश्न पुढे त्यांच्या आयुष्याचाच विषय झाला.

गोव्यात मात्र असंतोष धुमसत होता. ख्रिस्ती झालेले गोवेकर पोर्तुगीजांच्या बरोबरीचे आहेत, असे राजाज्ञेने १७६१ मध्येच जाहीर झाले होते. पण आज्ञा कागदावरच राहिली. मोठ्या जागा गोऱ्यांनाच मिळत. या अन्यायाची दाद मागण्यास लिस्बनला गेलेले काही गोमंतकीय धर्मगुरू फारिया पितापुत्रांना भेटले. तेथे निराशाच पदरी पडली. पुढे १७८७ साली पोर्तुगीज सत्ता उलथून पाडण्याचा कट गोव्यात शिजला. त्यात कांदोळीचे पिंटो घराणे पुढे होते. कट फुटला, पंधरा जणांना देहान्त शिक्षा झाली. संशयाची छाया फारियांवरही पडली, आणि १७८८ मध्ये त्यांनी पॅरिस गाठले.

त्यांनी पॅरिसमध्ये पाऊल ठेवले आणि वर्षभरातच, १४ जुलै १७८९ रोजी, जनतेने बास्तीचा तुरुंग फोडला. राजा गेला, गिलोटिनचे दहशतपर्व आले आणि गेले. १७९५ साली नव्या विधिमंडळात दोनतृतीयांश जागा आपल्याच सभासदांकडे राखण्याचा ठराव सत्ताधारी सभेने केला, तेव्हा पॅरिसचे नागरिक पुन्हा शस्त्रे घेऊन उठले. त्यांच्या एका तुकडीचे नेतृत्व या गोमंतकीय धर्मगुरूने केले! उठाव करणाऱ्यांत राजसत्तेचे अभिमानीही पुष्कळ होते, हे विसरता कामा नये. क्रांती ही अशीच गुंतागुंतीची असते. तीत कोण कोणत्या बाजूस उभा राहील याचा नेम नसतो. ५ ऑक्टोबर रोजी नेपोलियन बोनापार्ट या तरुण सेनानीच्या तोफांनी तो उठाव चिरडून टाकला.

फारिया राजकारणातून बाजूस झाले. त्या वेळी मेस्मर या वैद्याच्या मताची युरोपात मोठी चलती होती. प्रयोगकर्त्याच्या देहातून एक अदृश्य द्रव वाहतो व त्यायोगे रोग्यास निद्रा येते, असे ते मत. मार्सेय व नीम येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापन करून फारिया १८१३ मध्ये पॅरिसला परतले आणि क्लिशी रस्त्यावरील घरात प्रयोग दाखवू लागले. रोग्यास खुर्चीवर बसवून चित्त एकाग्र करावयास लावीत व मग खणखणीत आवाजात निजण्याची आज्ञा करीत. पुष्कळांना निद्रा येई. द्रव वगैरे काही नसून, ही शक्ती प्रयोगकर्त्याच्या ठायी नव्हे, तर निजणाऱ्याच्याच मनात वसते, असे त्यांनी प्रतिपादिले. शक्ती आपली नव्हे असे सांगणारा जादूगार कोणास रुचणार?

धर्मनिष्ठांनी त्यांस सैतानाचा साथी ठरविले, मेस्मरचे अनुयायी रुष्ट झाले. एका नटाने निद्रेचे सोंग करून त्यांची फजिती केली. १८१६ मध्ये त्यांची टवाळी करणारे प्रहसनही रंगभूमीवर आले. वर्ग ओस पडले. एका कन्याशाळेत धर्मोपदेशकाचे काम करीत ते आपला ग्रंथ लिहीत राहिले. त्याचा पहिला खंड १८१९ साली प्रकाशित झाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही बसला नाही.

पुढे अलेक्झांडर द्यूमाने आपल्या प्रख्यात कादंबरीतील वृद्ध बंदिवानास त्यांचे नाव दिले आणि ते घरोघरी पोहोचले. संमोहनशास्त्राच्या अभ्यासकांनीही सावकाश त्यांचा अग्रमान मान्य केला. पणजीत मांडवीकाठी जुन्या आदिलशाही राजवाड्याच्या बाजूस शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला त्यांचा पुतळा आहे. तो १९४५ साली, पोर्तुगीज अमदानीतच, उभा राहिला. ज्या राजवाड्यातून पोर्तुगीज व्हाइसरॉयांनी गोव्यावर राज्य केले, त्याच्याच शेजारी दोन्ही हात पुढे पसरून कांदोळीचा हा पुत्र उभा आहे.