तीन आडनावांखाली विखुरलेले संशोधन

शास्त्रज्ञाच्या कार्याचे मोजमाप करण्याची आज रूढ झालेली पद्धत म्हणजे त्याच्या शोधनिबंधांचा इतर संशोधकांनी किती वेळा हवाला दिला, याची मोजदाद. फिलाडेल्फियाचे युजीन गारफिल्ड यांनी १९६४मध्ये सुरू केलेल्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स' या सूचीने ही पद्धत रुजवली. मात्र त्या सूचीत प्रत्येक हवाला मूळ निबंधाच्या पहिल्या लेखकाच्या आडनावाखाली नोंदवला जाई. जैवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांचे कार्य तेथे शोधू पाहणाऱ्याला म्हणूनच त्या एका जागी सापडत नाहीत.

कमला भागवत यांचा जन्म १९११मध्ये इंदूर येथे झाला. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. मुंबई विद्यापीठाची पदवी अव्वल क्रमांकाने मिळवून १९३३मध्ये कमलाबाईंनी त्याच संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याचे कारण देऊन तो नाकारला. कमलाबाईंनी त्यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रहाचा मार्ग पत्करला. अखेर जाचक अटी घालून त्यांना एका वर्षासाठी परवानगी देण्यात आली. काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींनाही खुली झाली. अटींचा अपमान मात्र कमलाबाई कधीही विसरल्या नाहीत. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली डाळी-कडधान्यांतील नत्रयुक्त घटकांवर त्यांनी केलेले काम १९३५मध्ये 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये 'भागवत' या नावाने प्रसिद्ध झाले.

पुढे केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्या प्रयोगशाळेत वनस्पतींच्या श्वसनक्रियेवर त्यांचे संशोधन सुरू झाले. बटाट्यापासून आरंभ करून, वनस्पतींच्या पेशींमध्ये 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य असते आणि श्वसनात त्याचा वाटा असतो, हे त्यांनी दाखवून दिले. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. त्याच वर्षी या विषयावरील टिपण 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर पहिले नाव हिल यांचे होते. सूचीच्या नियमानुसार या टिपणाचे हवाले 'हिल' या नावाखाली जमा होतात.

त्याच वर्षी मायदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि विज्ञान संस्थेत जैवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. सायटोक्रोमविषयीचा पुढील निबंध १९५१मध्ये प्रसिद्ध झाला, तो 'भागवत' याच नावाने. १९५५मध्ये वाल आणि डबल बी यांतील, प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणाऱ्या द्रव्यांवरील टिपण 'नेचर'मध्ये आले, ते 'सोहोनी' या नावाने. पंचवीस वर्षांहूनही कमी काळातील कार्य अशा रीतीने तीन आडनावांत वाटले गेले.

मोजदादीत मुळीच न बसणारे कामही त्यांनी केले. ताडाच्या नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास करून, आदिवासी समाजातील कुपोषित मुले आणि गर्भवती यांना नीरा उपयुक्त ठरते, हे त्यांनी दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्याला आले ते चार वर्षांच्या विलंबानेच. निवृत्तीनंतर अन्नभेसळीविरुद्धच्या ग्राहक चळवळीत त्यांनी स्वतःला झोकून दिले. १९९८मध्ये त्यांचे निधन झाले.

नाव बदलले तरी संशोधकाची ओळख कायम राहावी, यासाठी सोळा अंकी क्रमांक देणारी 'ऑर्किड' ही व्यवस्था २०१२मध्ये सुरू झाली. विवाहानंतर आडनाव बदलणाऱ्या संशोधिकांची अडचण त्यामुळे बरीच दूर झाली आहे. कमलाबाईंच्या हयातीत अशी सोय नव्हती. त्यांच्या संशोधनाचा खरा आवाका जाणून घ्यायचा, तर हिल, भागवत आणि सोहोनी या तिन्ही नावांखालच्या नोंदी आजही एकत्र मांडाव्या लागतात.