एका आईचं टाइमटेबल

मित्रांनो, टाइमटेबल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सबमिशनच्या आदल्या रात्री भिंतीवर चिकटवलेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोडलेला कागद! पीएल सुरू झाली की हॉस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये असा एक कागद तयार होतो, आणि त्याचं पुढे काय होतं ते आपल्याला आणि आपल्या रूम पार्टनरलाच माहीत असतं. पण तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका खेडेगावात एका बाईने असंच एक टाइमटेबल केलं आणि ते सुमारे वीस वर्षं चालवलं. त्या बाईचं नाव सुझाना वेस्ली.

आज अमेरिकेत मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी खूप कुटुंबं आहेत. १९९३ पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांत त्याला कायद्याने परवानगी मिळाली. त्यातली बरीचशी कुटुंबं ख्रिस्ती आहेत आणि त्यांच्यातल्या अनेक आया सुझानाला आपला आदर्श मानतात. त्यांच्याकडे तयार पुस्तकं, प्लॅनर, वर्कबुक्स असं सगळं बाजारात मिळतं. सुझानाकडे यातलं काहीच नव्हतं. मग तिने हे कसं जमवलं?

सुझानाचा जन्म लंडनमध्ये २० जानेवारी १६६९ रोजी झाला. वडील डॉ. सॅम्युएल अ‍ॅनस्ली हे नावाजलेले धर्मोपदेशक होते. सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंडचे नियम मान्य नसल्यामुळे १६६२ मध्ये त्यांची नेमणूक गेली होती. सुझाना त्यांचं शेंडेफळ. घरी पुस्तकं होती, विद्वान लोकांची ये-जा होती, वादविवाद होते. मुलींसाठी कॉलेज वगैरे त्या काळी नव्हतंच, म्हणजे ती स्वतः घरीच शिकली. वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास तिने दोन्ही बाजूंचा विचार करून, वडिलांनी जे चर्च सोडलं होतं त्याच चर्चमध्ये जायचं ठरवलं! आपण त्या वयात सातवी-आठवीत असतो. विशेष म्हणजे वडिलांचं तिच्यावरचं प्रेम त्यामुळे कमी झालं नाही.

१६८८ मध्ये तिचं लग्न सॅम्युएल वेस्ली या तरुण पाद्र्याशी झालं. काही वर्षांनी त्याला लिंकनशायरमधल्या एपवर्थ गावी रेक्टर म्हणून नेमलं गेलं. (आपल्या हॉस्टेलचे रेक्टर वेगळे, हा गावच्या चर्चचा मुख्य पाद्री!) सॅम्युएल विद्वान होता, कवी होता, पण व्यवहारात कच्चा. शेती करायला गेला ती अंगावर आली आणि डोक्यावरचं कर्ज कधी उतरलंच नाही. १६९० ते १७०९ या काळात सुझानाला एकोणीस मुलं झाली. त्यातली नऊ अगदी लहानपणीच गेली. सात मुली आणि तीन मुलगे एवढे मोठे झाले.

नवरा-बायको दोघंही आपल्या मताचे पक्के. तिसरा विल्यम हा खरा राजा आहे असं सुझानाला वाटत नसे. म्हणून राजासाठीच्या प्रार्थनेनंतर ती आमेन म्हणायची नाही. हे लक्षात आल्यावर सॅम्युएल रागावून काही महिने घर सोडून गेला होता! पुढे राजा वारला, १७०२ मध्ये घराचा काही भाग जळाला आणि दोघांचा समेट झाला. त्यानंतर जून १७०३ मध्ये जो मुलगा जन्मला तो जॉन, घरातला जॅकी.

१७०५ साल तर फारच वाईट गेलं. निवडणुकीत सॅम्युएलने गावातल्या बऱ्याच लोकांच्या मताविरुद्ध बाजू घेतली. जमाव रात्री उशिरापर्यंत घराबाहेर गोंधळ घालत होता. त्या गोंधळाने दमलेली दाई नंतर इतकी गाढ झोपली की तिच्या अंगाखाली सुझानाचं तान्हं बाळ गुदमरून गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तीस पौंडांच्याही आतल्या कर्जासाठी सॅम्युएलला लिंकनच्या तुरुंगात टाकलं. घरी पैसे नव्हते. सुझानाने आपल्या अंगठ्या काढून त्याला पाठवल्या आणि त्याने त्या परत पाठवल्या. कोणीतरी रात्री येऊन त्यांच्या गाईंना भोसकलं, घरातलं दूध बंद झालं.

हे सगळं चालू असताना रोज सकाळी नऊ वाजता शाळा भरत होती.

तिची पद्धत बघण्यासारखी आहे. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत त्याला अक्षर शिकवायचं नाही. पाच पूर्ण झाली की आदल्या दिवशी सगळं घर लावून घ्यायचं, प्रत्येकाला त्याचं काम वाटून द्यायचं आणि सांगून ठेवायचं की नऊ ते बारा आणि दोन ते पाच या वेळेत शिकवण्याच्या खोलीत कोणी यायचं नाही. मग त्या एका दिवसात मुलाने सगळी मुळाक्षरं शिकायची. बहुतेक मुलं एका दिवसात शिकली. फक्त मॉली आणि नॅन्सी यांना दीड दिवस लागला. तेव्हा सुझानाला त्या दोघी मंद वाटल्या होत्या. नंतर बाकीच्या घरांतली मुलं किती दिवस घेतात हे पाहिल्यावर तिने आपलं मत बदललं.

वाचनाचं पुस्तक म्हणजे बायबल. अक्षरं झाली की थेट उत्पत्तीचा पहिला अध्याय. आधी एक शब्द, मग एक ओळ, ती बिनचूक आली की दुसरी. रोज सहा तास शाळा, सुरुवातीला आणि शेवटी स्तोत्रगायन. पाच वाजता मोठ्या भावंडाने एका धाकट्याला घेऊन बसायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. आपल्याकडे सीनियर ज्युनियरला ओरलच्या आदल्या दिवशी शिकवतो, तसंच काहीसं. सहाला प्रार्थना आणि जेवण, सातपासून सर्वांत लहानापासून सुरुवात करून सगळ्यांची अंघोळ, आठला सगळे बिछान्यात. मधल्या वेळेत खाणं नाही. आपल्या मेसला सुद्धा इतकी शिस्त नाही!

घराचे नियम तिने ठरवून ठेवले होते. चूक स्वतःहून कबूल केली तर मार नाही. एकाच चुकीसाठी दोनदा बोलणं नाही. चांगलं वागलं तर शाबासकी द्यायची. चांगल्या हेतूने केलेलं काम नीट जमलं नाही तरी हेतूचं कौतुक करायचं. दुसऱ्याची वस्तू, अगदी टाचणीसुद्धा, न विचारता घ्यायची नाही. दिलेला शब्द पाळायचा. आणि शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा : नीट वाचता आल्याशिवाय कुठल्याही मुलीला शिवणकामाला बसवायचं नाही. सतराव्या-अठराव्या शतकात हा नियम करायचा म्हणजे मोठीच गोष्ट होती.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री घराला आग लागली आणि सगळं घर जळालं. ती गावातल्याच कोणी लावली असा घरच्यांना संशय होता. सुझाना गरोदर होती, ती ज्वाळांतूनच बाहेर पडली. मुलं मोजली तर एक कमी. साडेपाच वर्षांचा जॅकी वरच्या खोलीच्या खिडकीत उभा होता. शिडी आणायला वेळ नव्हता. एकाच्या खांद्यावर दुसरा माणूस उभा राहिला आणि त्याने मुलाला ओढून काढलं. पुढच्या काही क्षणांत छप्पर कोसळलं. मुलं वाचली, पण पुस्तकं, कागद, सुझानाने लिहिलेलं सगळं गेलं.

नवीन घर बांधून होईपर्यंत मुलं वेगवेगळ्या घरी राहिली. परत आली तेव्हा त्यांचं टाइमटेबल मोडलं होतं आणि भाषा पण बिघडली होती. सुझानाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. धर्माच्या अभ्यासासाठी मनासारखं पुस्तक मिळेना, तेव्हा तिने स्वतःच लिहायला घेतलं. ख्रिस्ती श्रद्धेच्या मूळ सूत्रांवर एक लांबलचक पत्र सुकी या मुलीसाठी, दहा आज्ञांवरचं विवरण आणि आई-मुलीच्या संवादाच्या रूपात एक पुस्तिका. म्हणजे तिच्या मुलांच्या नोट्स आईनेच काढलेल्या.

पण तिच्या टाइमटेबलमधली सर्वांत चांगली गोष्ट यानंतर आली, आणि तिचा संबंध चक्क भारताशी आहे! तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला १७०६ मध्ये झीगनबाल्ग आणि प्लुचाऊ हे दोन मिशनरी डेन्मार्कच्या राजाच्या वतीने आले होते. त्यांच्या पत्रांचं पुस्तक इंग्रजीत निघालं होतं. एपवर्थच्या घरात ते मोठी मुलगी एमिलिया हिच्या हाती लागलं आणि तिने आईला वाचून दाखवलं. ते ऐकून सुझाना बेचैन झाली. ही माणसं परक्या लोकांसाठी एवढं करतात, मग मी माझ्या घरच्यांसाठी आणखी काय करू शकते? तिला वाटलं की वर्गात सगळ्यांना एकत्र शिकवणं पुरेसं नाही. म्हणून तिने आठवड्याचा प्रत्येक दिवस वाटून दिला. सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॅकी, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स आणि रविवारी एमिलिया व सुकी. त्या संध्याकाळी आई फक्त त्या मुलाची. एकट्याने बसायचं आणि मनातलं बोलायचं.

याच सुमारास सॅम्युएल लंडनला गेला असताना ती रविवारी संध्याकाळी घरच्यांसाठी प्रार्थना आणि वाचन घेत होती. एक एक करत शेजारी यायला लागले आणि बघता बघता दोनशेच्या वर माणसं जमली. बाई असून हे काय, अशी बदली पाद्र्याने तक्रार केली. नवऱ्याने बंद कर म्हणून लिहिलं. तिने उत्तर दिलं की नुसती इच्छा सांगू नका, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे देवापुढे जबाबदारी तुमची राहील. हुकूम काही आला नाही!

आता दुसरी बाजू पण सांगायला हवी. सुझानाचा मुलांच्या हट्टावर राग होता. मुलाची इच्छाशक्ती लहानपणीच ताब्यात आणली पाहिजे असं तिचं मत. वर्षभराच्या मुलाला छडीची भीती आणि हळू आवाजात रडायची सवय, हे तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. हे आज आपल्याला पटणार नाही आणि पटू पण नये. तिला आदर्श मानणाऱ्यांनी हा भाग तसाच उचलू नये असं मला वाटतं.

आणि मुलींचं काय झालं? मुलगे घरच्या शाळेतून लंडनच्या शाळांत आणि तिथून ऑक्सफर्डला गेले. मुलींना तो रस्ताच नव्हता. हेटी लहानपणीच ग्रीक शिकलेली, उत्तम कविता करणारी. १७२५ मध्ये ती एका माणसाबरोबर निघून गेली आणि फसली. मग घाईघाईने तिचं लग्न एका प्लंबरशी झालं. तो दारू प्यायचा, त्याला तिच्या कवितांचं काही नव्हतं. तिची बाळं एकामागून एक गेली. वडिलांनी तिला कधीच माफ केलं नाही, आणि त्या वेळी आई पण कठोरच राहिली. एमिलियाने दुसऱ्यांच्या शाळेत शिकवून पोट भरलं. पॅटीचा नवरा बाहेरख्याली निघाला. आईने मुलींना मुलांइतकंच शिकवलं, पण त्या शिक्षणाला घराबाहेर जागा नव्हती. यात दोष टाइमटेबलचा नव्हता, पण टाइमटेबल त्याला पुरं पडलं नाही हे पण खरं.

जॉन आणि चार्ल्स यांनी पुढे मेथडिस्ट चळवळ उभी केली. नियमाने जगणाऱ्या त्या तरुणांना ऑक्सफर्डमध्ये चिडवण्यासाठी हे नाव पडलं होतं. ते कोणाच्या घरून आले होते हे माहीत असल्यावर आश्चर्य वाटत नाही. चार्ल्सने सहा हजारांच्या वर भक्तिगीतं लिहिली. आम्ही कॉन्व्हेंटमध्ये दर ख्रिसमसला हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग म्हणायचो ते त्याचंच. मुंबईतलं बोवन मेमोरियल मेथडिस्ट चर्च त्याच परंपरेतलं.

१७३२ मध्ये जॉन ऑक्सफर्डला फेलो होता, जवळजवळ एकोणतीस वर्षांचा. त्या वर्षी त्याने आईला पत्रातून दोन गोष्टी मागितल्या. एक म्हणजे तिची शिकवायची पद्धत लिहून पाठव. ती तिने लिहिली, म्हणून तर आज आपल्याला हे सगळं कळतं. पण कोणी आयुष्यातली वीस वर्षं यासाठी द्यायला तयार होईल असं तिला फारसं वाटत नव्हतं. दुसरी मागणी अशी की लहानपणी गुरुवारी संध्याकाळी जो थोडा वेळ मला द्यायचीस, तो अजूनही माझ्यासाठी दे.

१७३५ मध्ये सॅम्युएल वारला. सुझाना मुलांच्या घरी राहिली आणि शेवटची वर्षं लंडनला जॉनच्या फाउंड्री नावाच्या प्रार्थनास्थळात काढली. ती जागा म्हणजे पूर्वीचा तोफा ओतायचा कारखाना. जुलै १७४२ मध्ये ती तिथेच गेली. तिची कबर लंडनच्या बनहिल फील्ड्समध्ये आहे आणि आगीनंतर बांधलेलं एपवर्थचं घर आज म्युझियम आहे.

बायबल वाचायला शिकवणं, नियम, नऊ ते बारा, दोन ते पाच... हे सगळं ऑक्सफर्डच्या फेलोला पुन्हा नको होतं. त्याला गुरुवार हवा होता. तेव्हा मित्रांनो, पुढच्या पीएलमध्ये टाइमटेबल करायला घ्याल तेव्हा मॅथ्स आणि मेकॅनिक्सच्या मध्ये एखादी संध्याकाळ कोणा एका माणसाच्या नावाने मोकळी ठेवून बघा. घरच्यांचा फोन आला की आपण नंतर करतो म्हणून ठेवून देतो. त्या नंतरला एक वार ठरवून दिला तरी पुष्कळ झालं.