पंतप्रधानपदाच्या दारात दोनदा : यशवंतराव चव्हाण

फुलपाडा : निवडणूक लांब असली तरी कोण उभं राहणार याची चर्चा आपल्याकडे आधीच रंगते. यशवंतराव चव्हाणांच्या मागे तर पेपरवाले जन्मभर लागले होते.

१ नोव्हेंबर १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्याच महिन्यात आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला आणि संयुक्त महाराष्ट्रावरून त्याने चव्हाणांना अक्षरशः सोलून काढलं. तरी १९६० ला मराठी राज्याचे पहिले मुख्यमंत्री तेच. आपल्या जिल्हा परिषदा, पंचायत समित्याही त्यांच्याच काळातल्या कायद्याने आल्या.

जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी वारले. संरक्षणमंत्री चव्हाणांचं नाव पंतप्रधानपदासाठी पेपरांत आलं. ते थांबले, इंदिराजींना पाठिंबा दिला. १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीत आधी संजीव रेड्डींच्या बाजूने, पक्ष फुटल्यावर मात्र इंदिराजींकडे. कुंपणावरचा नेता हा शिक्का बसला तो बसलाच. आमच्या मते १९६६ चं थांबणं भित्रेपणाचं नव्हतं, १९६९ चं समर्थन करणं मात्र अवघड.

१९७९ ला मोरारजींचं सरकार पडल्यावर राष्ट्रपतींनी आधी चव्हाणांनाच बोलावलं. ते राष्ट्रपती म्हणजे हेच रेड्डी! बहुमत काही जमलं नाही. चरणसिंगांच्या हाताखाली उपपंतप्रधानपद मिळालं. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते दिल्लीत वारले.