बाबूराव शेडमाके : एका जमीनदाराचा उदय आणि अस्त

सत्ताधीशाच्या उदयास्ताची कथा मराठी चित्रपटाने ‘सामना’ (१९७५) मध्ये समर्थपणे मांडली. तेथे हिंदूराव धोंडे पाटलाचे साम्राज्य त्याच्याच जुन्या अपराधामुळे ढासळते. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांच्या चरित्रातही उदय आणि अस्त आहेत. परंतु त्या अस्ताचे कारण त्यांच्या स्वभावात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

मार्कंड्यास उत्तरवाहिनी होणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. या नद्यांच्या पूर्वेकडील अरण्यप्रदेश ही बाबूरावांची कर्मभूमी होय. १२ मार्च १८३३ रोजी किष्टापूर येथे राजगोंड घराण्यात त्यांचा जन्म झाला. शिक्षण रायपूरला झाले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा कंपनी सरकारकडे गेला, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते.

मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. घोट आज मार्कंड्याच्याच चामोर्शी तालुक्यात मोडते, म्हणजे बंडाची धग या तीर्थक्षेत्रापासून दूर नव्हती. गोंड आणि रोहिले यांच्या या फौजेला नांदगाव-घोसरी येथे व त्यानंतरच्या चकमकींत कॅप्टन क्रिक्टनचे सैन्य आवरू शकले नाही. २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला होऊन गार्टलँड व हॉल हे दोघे मारले गेले. त्यांचा सोबती पीटर निसटला. उत्कर्षाचा हा काळ जेमतेम दोन महिन्यांचा.

शस्त्राने न साधलेले क्रिक्टनने दडपणाने साधले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांना त्याने बाबूरावांना पकडून देण्यास भाग पाडले. लोकस्मृतीत या बाईंच्या वाट्याला केवळ फितुरीचा कलंक आला आहे. तो निराधार नाही. तथापि नकार दिला असता तर स्वतःची जमीनदारी गमवावी लागली असती, ही त्यांची कोंडी चरित्रकाराने वगळू नये. बाबूराव एकदा रोहिल्यांच्या पहाऱ्यातून निसटले. सप्टेंबरमध्ये मात्र ते अहेरीच्या माणसांच्या हाती सापडले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यांना फाशी देण्यात आली. वय अवघे पंचवीस.

व्यंकटराव बस्तरात गेले. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडले. त्यांना जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली. जप्त गावांचा लाभ लक्ष्मीबाईंना मिळाला.