रक्तदानाच्या लीलाताई

लीलाताई मूळगावकर या थोर समाजसेविका होत्या. त्यांचा जन्म १९१६ साली झाला. त्यांचे पती सुमंत मूळगावकर हे टाटांच्या ट्रकच्या कारखान्याचे मोठे साहेब होते. लीलाताईंना घरी काही कमी नव्हते. पण त्या घरात बसून राहिल्या नाहीत.

रक्त कारखान्यात तयार होत नाही. ते माणसानेच माणसाला द्यावे लागते. आपल्या देशात पहिली रक्तपेढी १९४२ साली कलकत्त्याला निघाली. तेव्हा महायुद्ध चालू होते. जखमी शिपायांसाठी लोकांनी रक्त दिले. युद्ध संपल्यावर देणारे कमी झाले. मग गरीब माणसं पैशासाठी रक्त विकायला लागली. अंगात रक्त भरायच्या आतच पुन्हा विकायची आणि अशक्त व्हायची. काहीजण आजार लपवायचे. मग तोच आजार रोग्याला लागायचा.

लीलाताईंनी १९५४ सालापासून मुंबईत रक्तदानाची चळवळ सुरू केली. पैसे न घेता रक्त द्यायचे, हे त्यांनी लोकांना पटवले. त्या डॉक्टर नव्हत्या. सुई टोचणे हे डॉक्टरांचे काम, पण माणसं गोळा करणे हेसुद्धा मोठे काम आहे.

सरकारने त्यांना १९६३ साली पद्मश्री दिली. पुढे त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या. १९९२ साली त्या वारल्या. १९९८ पासून आपल्या देशात रक्त विकायला बंदी आहे. ते बघायला लीलाताई नव्हत्या.

माझ्या मावशीला बाळंतपणात सोलापूरला दोन पिशव्या रक्त लागले. ते कुणी दिले ते आम्हाला माहीत नाही. आजी देवापुढे दिवा लावते तेव्हा त्या माणसासाठी पण हात जोडते.

आमच्या गावात शिवजयंतीला रक्तदान शिबिर असते. काही लोक ताकद जाते म्हणून घाबरतात. पण मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि घेतात फक्त ३५० मिलिलिटर. माझ्या आप्पांनी रक्त दिले आणि दुसऱ्या दिवशी ते उसाला दारं धरायला गेले.

रक्त द्यायला १८ वर्षे पूर्ण लागतात आणि वजन ४५ किलो लागते. मी १० वर्षांची आहे. माझे वजन २४ किलो आहे. म्हणून मला अजून आठ वर्षे थांबायचे आहे. तोपर्यंत मी लीलाताईंसारखी घरोघरी जाऊन माणसं बोलावून आणीन.

– इयत्ता ४ थी